उणे दहा अंशांतली चंद्रकळा

शिकागोत हळदीकुंकवाचे दिवस नेमके वर्षातल्या सर्वांत कडक थंडीत येतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दर शनिवार-रविवारी कुणा ना कुणाकडचं बोलावणं असतं आणि पारा त्याच आठवड्यांत तळाला गेलेला असतो. दिवसा शून्याच्या आसपास, रात्री उणे ७, हे झालं नेहमीचं. उत्तरेचा वारा सुटला की उणे १५ सुद्धा होतं. ३० जानेवारी २०१९ ला तर पारा उणे ३० च्या खाली उतरला होता, तेही हळदीकुंकवाच्याच दिवसांत.

अशा हवेत काळी चंद्रकळा नेसायची म्हटलं की बऱ्याच जणी साडी कपाटात ठेवून स्वेटर-पँटवर जातात, नाहीतर साडीवर जाकीट चढवून कुडकुडत पोचतात. मला दोन्हींचं वाईट वाटतं, कारण दोन्हींची गरज नाही. साडी थंडीत उत्तम चालते. फक्त ती ऊब कशी धरते हे समजून घेऊन आतून बाहेर असं नेसत यावं लागतं.

गोधडी आठवा. जुन्या सुती साड्यांचे पातळ थर, त्यांना धावदोरा, एवढंच तर असतं तिच्यात. तरी पहाटे ती अंगावरून काढवत नाही. कापड स्वतः उष्णता तयार करत नाही. उष्णता आपल्या अंगाची. कापडाचं काम एवढंच की थराथरांत अडकलेली हवा हलू द्यायची नाही. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक ऊब देतात, आणि म्हणूनच घट्ट कपडा गार लागतो: त्यातली हवा दाबून बाहेर गेलेली असते. ऊब घालवणाऱ्या गोष्टी दोन, वारा आणि ओल. वारा अडकलेली हवा पळवतो, आणि ओलीमुळे हवेच्या जागी पाणी येतं, जे हवेच्या वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं.

काळ्या रंगाबद्दल इथेच सांगते. काळा रंग ऊन शोषतो हे खरं, आणि आपल्याकडे जानेवारीच्या उन्हात अंगणात वावरणाऱ्या बाईला त्याचा उपयोगही होता. शिकागोत संध्याकाळी साडेचार-पाचलाच अंधार पडतो. इथे काळा रंग नेसायचा तो सणाचा म्हणून आणि दिसतो सुंदर म्हणून. उबेची सोय वेगळी करायला हवी.

आता साडीकडे बघा. कमरेपाशी निऱ्यांमुळे पुढे दहा-बारा पदर जमतात, म्हणजे पोट-मांड्यांपुढे आयती गोधडीच असते. पण मागे मांड्यांवर एक-दोनच पदर, आणि खाली घेर उघडा. चालताना गार हवा खालून शिरते, अंगाच्या उष्णतेनं हलकी होऊन वर चढते आणि कमरेच्या उघड्या भागातून, गळ्यातून निघून जाते. जणू चुलीचं धुराडं. साडीत थंडी वाजते ती कापड पातळ म्हणून नव्हे, या तीन वाटा उघड्या राहतात म्हणून. खालचा घेर, कंबर आणि गळा बंद केलेत की अर्ध्याहून अधिक काम झालं.

हा प्रश्न आनंदीबाई जोशींपुढेही होता. १८८३ मध्ये त्या वैद्यकीचं शिक्षण घ्यायला फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते हे तिथल्या थंडीत त्यांना फार जाणवलं. साडी सोडायची नाही हे ठरलेलं होतं. मग त्यांनी आत परकर घालून गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. त्या नेसण्यात पाय घोट्यापर्यंत झाकले जातात आणि पदर पुढून येत असल्यानं छातीवर आणखी एक थर मिळतो. आजही उणे दहात जाताना मला ही युक्ती पटते. काठपदराची साडी असेल तर पदराचं काम समोरच दिसतं, शोभाही वाढते.

सर्वांत आतला थर अंगाला चिकटून हवा, पण करकचून नको. तो सुती नको. सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं, आणि पार्किंगमधला वारा लागला की तीच ओल पाठीला बर्फासारखी लागते. मरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा धाग्यात घेऊनही ओली वाटत नाही. लोकर टोचते अशी भीती असेल तर ती घोंगडीच्या आठवणीतून आलेली असते. टोचणं धाग्याच्या जाडीवर असतं: साधारण तीस मायक्रॉनच्या पुढचा धागा त्वचेत रुततो, मरिनोचा वीसच्या आसपास असतो, आणि लडाखच्या चांगथांगी बकऱ्यांच्या पश्मिन्याचा तर बारा ते सोळा. म्हणून घोंगडी पांघरायची आणि मरिनो अंगाला लावून घालायचा.

मरिनोची किंवा आतून लव असलेली काळी लेगिंग घातली की खालची वाट बंद झाली. कंबर उंच असलेली निवडा. ती पोटावर येते आणि ब्लाउज-परकरामधली वाटही निम्मी बुजते. उरलेली निम्मी बुजवायची ती ब्लाउजनं.

ब्लाउजवर मी जरा थांबणार आहे, कारण सगळी नजाकत इथे आहे. हॉलमध्ये बावीस अंश तापमान असतं आणि पन्नास-साठ बायका जमल्या की उकडू लागतं. म्हणजे एका संध्याकाळी तुम्हाला दोन हवामानांसाठी कपडे करायचे असतात. माझा नियम असा: जे थर दारात उतरवायचे ते कितीही जाडजूड असोत, पण जे अंगावर राहणार ते पातळ हवेत आणि देखणेही हवेत. बिनबाह्यांच्या ब्लाउजाखाली थर्मलच्या बाह्या डोकावू लागल्या तर दोन्हींची शोभा जाते. त्याऐवजी थर्मललाच ब्लाउज होऊ द्या. काळा किंवा मोरपंखी, बारीक विणीचा हायनेक, त्यावर पैठणी किंवा इरकल, आणि गळ्यात ठुशीऐवजी लांब मोहनमाळ किंवा पोहेहार, कारण बंद गळ्यावर लांब माळच उठून दिसते. किंवा मनगटापर्यंत बाह्यांचा, कमरेपर्यंत लांबीचा मखमली ब्लाउज शिवून घ्या. मखमलीच्या उभ्या लवेत हवा अडकते, म्हणून ती उबदार असते. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंतली बंद गळ्याची, लांब बाह्यांची पोलकी पाहा. त्यात आणि या ब्लाउजात फारसा फरक नाही, आणि त्या बायका किती रुबाबदार दिसतात!

साडी रेशमी घ्या. जॉर्जेट उन्हाळ्यासाठी ठेवा. रेशीम उबदार तर असतंच, पण दुसरं कारण अधिक मोठं आहे. उणे दहा अंशांच्या हवेत बाष्प फार कमी मावतं. तीच हवा घरात एकवीस अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता दहा-बारा टक्क्यांवर येते. इतक्या कोरड्या हवेत पॉलिस्टरची साडी किंवा परकर लेगिंगला घासला की स्थिर वीज साठते आणि साडी पायांना चिकटून वर चढते. परकर सुती घ्या, इथे तो चालतो, कारण तो घामाला लागून नसतो. नेसण्याआधी हातापायांना तेल किंवा क्रीम लावा आणि परकराच्या आतून तारेचा धातूचा हँगर फिरवा. साठलेली वीज त्यातून निघून जाते.

कोट पोटरीपर्यंत लांब हवा. कमरेपर्यंतचं जाकीट निऱ्या चुरगाळतं आणि जिथे साडीचे पदर कमी आहेत तो मागचा भाग उघडा ठेवतं. पिसांचा कोट फुगीर असतो तेवढा उबदार. त्याच्या आत, पदरावरून, शाल छातीशी आडवी घ्या, म्हणजे गळ्याची वाट बंद होते. हॉलमध्ये कोट उतरल्यावर हीच शाल खांद्यावर शोभते.

बाहेर पायांत मात्र साडीवरच्या चपला नकोत. बर्फ वितळावा म्हणून इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्या खारट चिखलानं रेशमावर पांढरे डाग पडतात, जर काळवंडते. बूट घाला, चपला पिशवीत. बुटात एकच लोकरी मोजा. दोन मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त नीट खेळत नाही आणि बोटं अधिकच गारठतात. निऱ्यांचा खालचा भाग वीतभर उचलून कोटाच्या आत मोठ्या क्लिपनं अडकवा.

हातमोज्यांत चार बोटं एकत्र राहणारे मोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. कानातले घरून घालून निघू नका. वाऱ्यासह उणे २८ जाणवणाऱ्या हवेत उघडी त्वचा अर्ध्या तासात हिमदाहानं पोळू शकते आणि धातू कानाची पाळी आणखी गार करतो. डबीत ठेवा, आत गेल्यावर घाला. गजऱ्याचा मोह आवरा. गोठलेल्या पाकळ्या काळ्या पडतात. हलव्याच्या दागिन्यांना मात्र ही हवा मानवते. मुंबईच्या दमट हवेत साखरेला पाणी सुटतं, इथे ते कोरडे खडखडीत राहतात. नव्या नवरीला खुशाल घाला.

दारात पोचल्यावर क्रम असा: आधी बूट काढून चपला, मग क्लिप सोडून निऱ्या खाली, मग कोट, शेवटी कानातले. निघताना हाच क्रम उलटा, पण त्यात एक गोष्ट वाढवा. बाहेर पडायच्या दहा मिनिटं आधी गर्दीतून बाजूला या, शाल काढा आणि अंगावरचा घाम वाळू द्या. पाठ कोरडी झाली की मग कोट चढवा, वाणाची पिशवी हातात घ्या आणि गाडीकडे चालू लागा.