महाविद्यालयातील छायाचित्रण-दालन : सुरक्षिततेची पूर्वतयारी

छायाचित्रणकला महाराष्ट्राला नवी नाही. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. दादासाहेब फाळके हे चित्रपटनिर्मितीकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचाच व्यवसाय करीत असत. त्या काळातील स्टुडिओ मुख्यतः सूर्यप्रकाशावर चालत आणि तेथील धोका असे तो रसायनांचा व ज्वालाग्राही फिल्मचा. ८ जानेवारी २००३ रोजी पुणे येथील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारात साठविलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मला आग लागून मूकपटांच्या काळापासूनचा मोलाचा ठेवा नष्ट झाला. आता फिल्मची जागा मेमरी कार्डाने घेतली आहे. रसायने जवळजवळ गेली. परंतु वीज, बॅटरी आणि चित्रांचा दुरुपयोग असे तीन नवे धोके त्यांच्या जागी आले आहेत.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात अध्यापकांना व्याख्याने चित्रित करून विद्यार्थ्यांपर्यंत पोचवावी लागली. पुढे नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात कौशल्यविषयांना स्थान मिळाले. त्यामुळे कॅमेरा, दिवे व संगणक यांनी सज्ज असे एखादे दालन असावे, ही अपेक्षा ग्रामीण महाविद्यालयांतही स्वाभाविक ठरते. असे दालन बहुधा नव्या इमारतीत नव्हे, तर एखाद्या रिकाम्या वर्गखोलीतच उभे राहते. सुरक्षिततेचा विचार येथूनच सुरू झाला पाहिजे.

वर्गखोलीवरील विद्युतभार

वर्गखोलीची वीजजोडणी दोन-तीन पंखे व काही नळदिवे एवढ्यासाठी केलेली असते. तेथील लहान सॉकेट साधारणतः ६ अँपिअरचे असते. एक हजार वॅटचा एक हॅलोजन दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेतो. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असे दोन दिवे लावले की हा आकडा ८.७ वर जातो, म्हणजे सॉकेटची मर्यादा ओलांडली जाते. चार दिव्यांना १७ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाही झेपत नाही. तार भिंतीच्या आत तापत राहते आणि बाहेर काहीच दिसत नाही. याउलट शंभर वॅटचे चार एलईडी दिवे मिळून दोन अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतात आणि फारसे तापत नाहीत. म्हणून मर्यादित अनुदानातून खरेदी करताना हॅलोजनऐवजी एलईडी दिव्यांची निवड करणे सुरक्षिततेच्या व वीजबिलाच्याही दृष्टीने श्रेयस्कर होय.

दालनासाठी वितरणफलकावरून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. एमसीबी तारेचे रक्षण करते. माणसाचे रक्षण आरसीसीबी करते, कारण थोडासाही प्रवाह शरीरावाटे जमिनीकडे जाऊ लागताच ते पुरवठा तोडते. अर्थिंगची तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून दरवर्षी उन्हाळ्यात करून घ्यावी, कारण जमीन कोरडी पडली की अर्थिंग निकामी होण्याचा संभव असतो.

उपकरणांची हाताळणी

दिव्याचे स्टँड उंच व हलके असते. त्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी आणि तारा येण्याजाण्याच्या वाटेवर पसरू न देता जमिनीला चिकटपट्टीने बसवाव्यात. वर्गखोलीत आणखी एक धोका असतो, तो छताच्या पंख्याचा. स्टँड उंच करताना छत्री किंवा दिवा फिरत्या पात्यांना लागू शकतो. म्हणून चित्रणाच्या जागेवरील पंखा काढून टाकावा व हवेसाठी भिंतीवरील पंखा बसवावा.

फ्लॅशच्या आतील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा विद्युतभार साठलेला असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ तसाच राहतो. बिघडलेला फ्लॅश विद्यार्थ्यांनी किंवा हौशी कारागिरांनी उघडू नये. लुकलुकत्या प्रकाशाने ज्यांना फेफरे येऊ शकते अशा विद्यार्थ्यांची माहिती आधी खाजगीरीत्या विचारून घ्यावी आणि त्यांच्या उपस्थितीत फ्लॅशचा वापर टाळावा.

लिथियम बॅटरीविषयी विशेष दक्षता हवी. तिच्या आत बिघाड झाला की आतील रासायनिक क्रियेनेच उष्णता वाढत जाते आणि ती थांबविणे कठीण होते. सुजलेली, दबलेली किंवा पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावून खोलीस कुलूप घालण्याची पद्धत तर सर्वस्वी बंद करावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत बॅटऱ्या ठेवणेही धोक्याचे आहे.

आग आणि बाहेर पडण्याची वाट

आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर स्पंजचे तक्ते किंवा अंड्यांचे कागदी ट्रे चिकटविण्याचा स्वस्त उपाय अनेक ठिकाणी योजला जातो. साधा स्पंज अत्यंत वेगाने पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात २० फेब्रुवारी २००३ रोजी एका संगीतगृहाच्या भिंतीवरील अशाच स्पंजने पेट घेतला आणि शंभर माणसे मृत्युमुखी पडली. बाहेर पडण्याच्या दाराशी झालेली कोंडी हे तेथील जीवितहानीचे एक प्रमुख कारण ठरले. आपल्याकडे जाड सुती सतरंज्या भिंतीपासून थोड्या अंतरावर टांगल्या तरी व्याख्यानाच्या ध्वनिमुद्रणाचे काम भागते. सतरंजीही जळते, हे खरे. म्हणून ती दिव्यांपासून दूर ठेवावी.

दालनास शक्यतो दोन दारे असावीत. एकच दार असल्यास चित्रण चालू असताना त्यास आतून कडी वा बाहेरून कुलूप लावू नये. 'चित्रण चालू आहे' अशी पाटी पुरेशी आहे. विजेच्या उपकरणांसाठी कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक दाराजवळ ठेवावे. उपकरण पेटल्यास प्रथम मुख्य कळ बंद करावी. वीज चालू असताना पाणी कदापि टाकू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये आगनिवारणाची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. त्या तपासणीत या दालनाचा समावेश झाला आहे किंवा नाही, हे प्राचार्यांनी जातीने पाहावे.

संमती आणि चित्रांची जपणूक

शरीराला होणाऱ्या इजेइतकीच गंभीर हानी चित्राच्या दुरुपयोगाने होते. खेड्यातून एसटीने ये-जा करणाऱ्या मुलीचे चित्र विपर्यस्त स्वरूपात गावातील मोबाइलवर फिरू लागले, तर तिचे शिक्षण त्याच दिवशी थांबण्याची भीती असते. आता साध्या चेहऱ्याच्या छायाचित्रावरूनही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने खोटी चित्रे तयार करता येतात. म्हणून संमती लेखी घ्यावी आणि चित्र कशासाठी काढले, कोठे वापरले जाईल व किती दिवस ठेवले जाईल, या तिन्ही गोष्टी तीत स्पष्ट लिहाव्यात. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्या बाबतीत पालकांची संमतीही आवश्यक मानावी.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ई नुसार एखाद्या व्यक्तीच्या खाजगी अवयवांचे चित्र तिच्या संमतीवाचून घेणे वा प्रसृत करणे यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये स्त्रीच्या खाजगी क्षणांचे चित्रण हा गुन्हा आहे. अशा चित्रणास तिची संमती होती, परंतु प्रसाराला नव्हती, अशा परिस्थितीतील प्रसारही त्यात येतो. पोशाख बदलण्याच्या जागी कॅमेरा वा मोबाइल नेण्यास पूर्ण मनाई असावी.

मेमरी कार्डावरील चित्र 'पुसले' म्हणजे बहुधा केवळ त्याची नोंद पुसली जाते; त्याच जागी नवी माहिती लिहिली जाईपर्यंत मूळ चित्र परत मिळविता येते. म्हणून महाविद्यालयाची कार्डे घरी नेऊ नयेत, उसनी देऊ नयेत. संगणकास प्रत्येकाचा स्वतंत्र सांकेतिक शब्द असावा. गैरप्रकार आढळल्यास पुरावा न पुसता तो महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीपुढे व पोलिसांपुढे न्यावा.

जबाबदारीची वाटणी

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यास एकट्याने प्रवेश नसतो. तेथे नोंदवही असते, प्रयोगशाळा-सहायक असतो आणि नियमांचा फलक भिंतीवर असतो. छायाचित्रण-दालनासही हीच शिस्त लागू करावी. एक अध्यापक प्रभारी नेमावा, किमान दोघांच्या उपस्थितीवाचून दिवे लावू नयेत, उपकरण नेल्या-आणल्याची वेळ व स्वाक्षरी नोंदवावी आणि जाताना मुख्य कळ कोणी बंद केली, त्याचे नाव वहीत असावे.

विद्यार्थी चित्रणासाठी गावात येतात तेव्हा पंचायत सदस्यांचेही साहाय्य हवे. उघडी विहीर, खाली लोंबणारी वीजतार, सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाचा निसरडा काठ ही स्थळे त्यांना आधीच दाखवून द्यावीत. कोणाच्या अंगणात चित्रण करायचे, हे त्या घराला विचारूनच ठरवावे. नव्या शैक्षणिक वर्षात दालनासाठी निधीची मागणी करणाऱ्या महाविद्यालयांनी कॅमेऱ्यांच्या किमतीच्या यादीतच स्वतंत्र वीजजोडणी, आरसीसीबी, अग्निशामक व कुलूपबंद कपाट यांचाही खर्च धरावा. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी या बाबी नसलेला प्रस्ताव अपुरा समजून पूर्ततेसाठी परत पाठवावा.