खाडीतील नौका आणि वाहिनी क्रमांक १६

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु हे शहर कामवारी नदीच्या काठी वसले असून तालुक्यातील काल्हेर, कशेळी, कोन ही गावे खाडीच्या पाण्याला लागून आहेत. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये वसई खाडी व उल्हास नदीतून जाणारा कल्याण-ठाणे-मुंबई मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे. जलवाहतूक आली की नौकांच्या परस्पर संभाषणाचा प्रश्न ओघानेच येतो. सागरी बिनतारी यंत्रावरील क्रमांकांची माहिती त्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

क्रमांकांचे गणित

१९५७ साली हेग येथे झालेल्या करारातून वाहिन्यांची ही पद्धत सुरू झाली. १ ते २८ क्रमांकांच्या वाहिन्यांत प्रत्येकी ५० किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्यात आले. क्रमांकास ५० ने गुणून येणारे किलोहर्ट्झ १५६ मेगाहर्ट्झमध्ये मिळविले, की नौकेची प्रक्षेपण कंप्रता मिळते. १६ गुणिले ५० म्हणजे ८००. म्हणून वाहिनी १६ ची कंप्रता १५६.८०० मेगाहर्ट्झ होय.

पुढे नौका वाढल्या व वाहिन्या अपुऱ्या पडू लागल्या. १९६७ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेने हे अंतर निम्मे, म्हणजे २५ किलोहर्ट्झ करण्याचे ठरविले. जुने क्रमांक न बदलता मधल्या जागांना ६० पासून पुढचे क्रमांक देण्यात आले. त्यामुळे १ व २ यांच्या मध्ये ६१, तर १० व ११ यांच्या मध्ये ७० येते. यंत्रावर २८ नंतर एकदम ६० दिसण्याचे कारण हेच.

वाटपामागील तत्त्व

काही वाहिन्यांवर बोलणे व ऐकणे एकाच कंप्रतेवर चालते. नौका-नौकांमधील वाहिनी ६ अशीच आहे. काही वाहिन्या मात्र दुहेरी आहेत. वाहिनी १ वर नौका १५६.०५० वर बोलते, तर किनाऱ्यावरील केंद्र ४.६ मेगाहर्ट्झ वर, म्हणजे १६०.६५० वर बोलते. साहजिकच अशा वाहिनीवर दोन नौकांना एकमेकींचे बोलणे ऐकू येत नाही. चुकीची वाहिनी निवडल्यास यंत्र सुस्थितीत असूनही हाक वाया जाते. दुहेरी वाहिनीची एकच बाजू वापरावयाची असल्यास चार अंकी क्रमांक देतात : १०७८ ही नौकेकडील, तर २०७८ ही किनाऱ्याकडील बाजू.

वाहिनी १६ संकट, सुरक्षितता व पुकारा यांसाठी राखीव आहे. पुकारा झाला की पुढील संभाषण अन्य वाहिनीवर न्यावयाचे असते. वाहिनी ७० वर बोलावयाचे नसते. तेथून केवळ अंकीय संकेत जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीतील परिशिष्ट १८ मध्ये हा सर्व तक्ता आहे. भारतात कंप्रतांचे नियोजन केंद्रीय दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा पाहते.

गावपातळीवर

या लहरी साधारणतः दृष्टिरेषेत जातात. त्यामुळे डोंगराआड त्यांची पोच कमी होते. जवळच्या संभाषणास १ वॅट शक्ती पुरते. २५ वॅट शक्ती दूरच्या संपर्कासाठी असते. वाहिनी १६ वर चाललेली अनावश्यक बडबड एखाद्या बुडत्या नौकेची हाक दडपू शकते, ही गोष्ट प्रत्येक नावाड्यास ठाऊक असली पाहिजे. संकटात 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारून नौकेचे नाव, ठिकाण व संकटाचे स्वरूप सांगावे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी ही माहिती धक्क्यावरील फलकावर लावावी आणि शिक्षकांनी वाहिन्यांचे गणित वर्गात सोडवून घ्यावे, म्हणजे हे ज्ञान घरोघरी पोहोचेल.