माळ्याच्या घामाचा जमाखर्च

बारामती तालुक्यातील लोणी भापकर हे गाव मल्लिकार्जुनाचे मंदिर, तेथील पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प यांमुळे इतिहासप्रेमींना परिचित आहे. तालुक्याचा नीरा डाव्या कालव्याखालील भाग उसाने हिरवागार असला, तरी लोणी भापकरचा परिसर जिराईत पट्ट्यात मोडतो. विहिरीला पाणी किती, ते किती दिवस पुरेल आणि कोणत्या पिकाला द्यावे, याचा हिशेब येथील शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. पैशाच्या हिशेबाबाबत मात्र हीच दक्षता क्वचित दिसते.

जिराईत शेतीला जोडधंदा लागतो. ज्याला माती आणि झाड कळते, त्याला फारसे भांडवल न लागणारा एक व्यवसाय खुला असतो. तो म्हणजे बंगले, सोसायट्या आणि कारखान्यांच्या आवारातील बागांची निगा राखण्याचा. या व्यवसायात पैसा थोडाथोडा येतो आणि तसाच थोडाथोडा जातो. महिनाअखेर काही उरत नाही, एवढे कळते. का उरत नाही, हे मात्र कळत नाही.

एका महिन्याचा ताळेबंद

उदाहरणादाखल, लोणी भापकरहून मोटारसायकलने बारामती शहरात येऊन आठ बागा सांभाळणारा एक तरुण डोळ्यांसमोर आणू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक बागेचे महिन्याला २,५०० रुपये, म्हणजे एकूण २०,००० रुपये जमा. दिवस भरतात २४. वरवर पाहता रोजचे ८०० रुपयांहून अधिक सुटतात.

आता खर्चाची बाजू पाहू. मोटारसायकलचे पेट्रोल ३,६०० रुपये, खते व औषधे १,८००, गवत कापण्याच्या यंत्राचे इंधन व दुरुस्ती ६००, चार दिवसांच्या मदतनिसाची मजुरी दिवसाला ६०० प्रमाणे २,४०० आणि फोनचे ३००. ही बेरीज ८,७०० रुपये होते. शिवाय १८,००० रुपयांचे यंत्र तीन वर्षे टिकणार असेल, तर त्याची झीज महिन्याला ५०० रुपये धरली पाहिजे. एकूण खर्च ९,२०० आणि शिल्लक १०,८०० रुपये. २४ दिवसांनी भागल्यास दिवसाला ४५० रुपये पडतात.

म्हणजे ज्या मदतनिसाला तो ६०० रुपये रोज देतो, त्याच्यापेक्षा मालकाची स्वतःची मजुरी कमी! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशीच ही अवस्था. स्वतःलाही ६०० रुपये रोज पडावा असे वाटत असेल, तर प्रत्येक बागेचा दर २,९५० रुपये हवा. हा आकडा अंदाजाने सापडत नाही, तो वहीतूनच निघतो. ग्राहकाशी दर ठरवताना विनवणीऐवजी हिशेब मांडता येतो, हा वहीचा पहिला लाभ.

उचल म्हणजे उत्पन्न नव्हे

रोपे, कुंड्या आणि माती आणण्यासाठी ग्राहक आगाऊ रक्कम देतो. ती माळ्याची कमाई नसते. घरखर्चात ती मिसळली, की रोपे आणायच्या वेळी उसनवारी करावी लागते आणि गैरसमज होऊन जोडलेले ग्राहक तुटतात. म्हणून प्रत्येक ग्राहकाच्या नावे खतावणीत स्वतंत्र पान असावे. मिळालेली उचल एका बाजूला, खरेदी दुसऱ्या बाजूला आणि दुकानाची पावती त्याच पानाला टाचलेली असावी.

शेती वेगळी, सेवा वेगळी

दुसरा घोळ कराचा. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असते. २००८ च्या वित्त कायद्याने रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्नही शेतीचेच मानले. मात्र दुसऱ्याच्या बागेची निगा राखून मिळालेला मोबदला हे सेवेचे उत्पन्न होय, आणि तयार रोपे विकत घेऊन विकणे हा व्यापार होय. तिन्ही ठिकाणी हात मातीतच असले, तरी तिन्हींची खाती वेगळी ठेवणे आवश्यक आहे.

छोट्या व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. तीनुसार एकूण जमेच्या किमान ८ टक्के, आणि रक्कम बँकेमार्फत आली असल्यास ६ टक्के, नफा धरून विवरणपत्र भरता येते; सविस्तर हिशेबवह्यांचे बंधन राहत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत निवासी व्यक्तीला सर्वसाधारणपणे १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. विवरणपत्र भरण्याचे बंधन हा मात्र वेगळा विषय आहे. मग वही कशाला, असे कोणी विचारील. परंतु कायद्याने धरलेला नफा आणि घरात प्रत्यक्ष उरलेला पैसा या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वतःच्या दिवसाची किंमत ८ टक्क्यांच्या सूत्रातून कळत नाही.

रोज दहा मिनिटे

यासाठी संगणकाची गरज नाही. रोजकीर्दीत तारीख, कोणाकडून आले, कोणाला दिले आणि रोख की बँकेतून, एवढे चार रकाने पुरेत. व्यवसायासाठी वेगळे बचत खाते उघडून ग्राहकांना शक्यतो तेथेच पैसे भरण्यास सांगावे. घरखर्चासाठी घेतलेली रक्कमही लिहावी. वर्ष भरले, की पावसाळ्यातील लागवडीची तेजी आणि इतर महिन्यांतील मंदी वहीत स्पष्ट दिसते. मग नवे यंत्र कधी घ्यावे, हे ठरवणे सोपे जाते.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते. अशा कर्जासाठी बँकेच्या दारात उभे राहताना नीट राखलेली वही आणि खात्याचा उतारा, हीच माळ्याची पत असते.

आपल्या अंगणातील माळी पुढच्या वेळी दरवाढ मागेल, तेव्हा वाचकांनीही त्याच्याकडे हिशेब मागावा आणि तो मोकळ्या मनाने वाचावा. कदाचित त्या वहीत आपल्या हिरवळीची खरी किंमत प्रथमच लिहिलेली आढळेल.