सत्याण्णव

चार मित्र आपापल्या घरी बसून ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ खेळत असले आणि त्यातल्या एकाचा लॅपटॉप जुना असला, तर चौघांचाही खेळ मंदावतो. जुना लॅपटॉपवाला एकटा मागे राहिला आणि बाकीचे पुढे निघून गेले, असं या खेळात होत नाही. सगळ्यांना त्याच्याच चालीनं चालावं लागतं.

माझा भाचा हातखंब्याला राहतो, रत्नागिरीच्या कॉलेजात शिकतो. बारावीनंतर त्याचे तिन्ही जिवलग मित्र पुण्या-मुंबईला गेले, हा इथेच राहिला. शनिवारी रात्रीचा हा खेळ म्हणजे चौघांची भेट. मध्यंतरी तो खेळेनासाच झाला. विचारलं तर म्हणाला, “मामा, मी असलो की सगळ्यांचा गेम अडकतो. ते बोलत नाहीत काही, पण मला कळतं ना.”

एकोणीस वर्षांच्या मुलानं असं म्हणावं, हे मला लागलं. म्हणून तो लॅपटॉप घेऊन दुरुस्तीला निघाला तेव्हा मीही त्याच्याबरोबर गेलो.

दुकान मारुती मंदिराजवळच्या एका गल्लीत. दुकान कसलं, शटरएवढी रुंद खोली. भिंतीला टेबल, टेबलावर भिंगाचा दिवा, मागे उघडे पडलेले लॅपटॉप एकावर एक रचलेले. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांना सगळे दादाच म्हणतात. आयटीआय करून टीव्ही दुरुस्त करायला लागलेले, टीव्ही दुरुस्त करून घेणारे संपले तेव्हा संगणकाकडे वळलेले.

भाच्यानं सुरुवातच केली, “दादा, एसएसडी टाकून द्या. सगळे म्हणतात त्यानं फास्ट होतो.” आधीच्या एका दुकानात त्याला हाच सल्ला मिळाला होता. दुसऱ्या एका ठिकाणी तर लॅपटॉप उघडायच्या आधीच, नवीन घे, असं सांगून मोकळे झाले होते.

दादांनी एसएसडीबद्दल हो-नाही काही केलं नाही. “गेम चालू कर,” म्हणाले.

या खेळाच्या २०१९च्या नव्या आवृत्तीत, डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये, मशीनची परीक्षा घेणारी एक चाचणी आहे. सैन्यं एकमेकांवर धावून जातात, झाडं, पाणी, किल्ले सरकतात आणि शेवटी गुण मिळतात. क्रमवारीचे सामने खेळायचे तर १००० गुण लागतात. भाच्याच्या लॅपटॉपला ६४३ मिळाले. दादांचं लक्ष मात्र गुणांकडे नव्हतंच. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांनी दोन छोटे आकडे लावून ठेवले होते, चिपचं तापमान आणि चिपचा वेग. लढाई सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच तापमान ९७ वर गेलं आणि तिथेच चिकटलं. त्याच क्षणी अडीच गिगाहर्ट्झचा वेग १.२ वर आला.

“सत्याण्णव,” दादा म्हणाले. “बघ. मशीन म्हातारं नाही झालेलं. तापलंय.”

इंटेलची ही तिसऱ्या पिढीची चिप २०१२ सालची. तापमान शंभरीच्या आसपास गेलं की जळून जाऊ नये म्हणून ती स्वतःच आपला वेग कमी करते. मालकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो तो अडखळणारा घोडेस्वार, आणि तो समजतो की लॅपटॉपचे दिवस भरले. या एका गैरसमजापायी किती चांगली यंत्रं भंगारात जात असतील, हा विचार त्या खोलीत बसल्यापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग दादांनी स्क्रू काढले, पाठ उघडली, पंख्याचं झाकण उचललं, आणि एक वास आला. तापलेल्या धुळीचा, त्यात ओल आणि किंचित खारटपणा. पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या बारीक पात्या यांच्यामध्ये, गोधडीतून निघालेल्या जुन्या कापसासारखा एक थर बसला होता. रंग तांबूस. चिमट्यानं ओढला तर अख्खा पट्टाच निघून आला. त्याच्यामागच्या पात्यांवर हिरवट डाग होते, तांब्याला खारी हवा लागली की येतात तसले.

“कुठला राहणारा तू? हायवेला लागून घर आहे का?”

भाचा चकित झाला. हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता एकमेकांना मिळतात, आणि चौपदरीकरणासाठी तिथला जांभा वर्षानुवर्षं खणला गेलाय. तीच तांबडी धूळ दादांच्या चिमट्यात होती. त्यांच्याकडे येणाऱ्या यंत्रांचा पत्ता म्हणे त्यांना धुळीवरून कळतो. समुद्रालगतच्या मिरकरवाड्याकडच्या घरांतली यंत्रं धुळीनं कमी आणि मिठानं जास्त खराब होतात, त्यांचे सांधे आधी जातात. आणि पावसाळ्यात, तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या गावात, दोन्हीकडच्या धुळीला ओल धरते आणि तिचा लगदा होतो. पुण्यात ब्रशनं झटकली की निघते ती धूळ इथे खरवडावी लागते.

चिपवरची पेस्ट खडूसारखी सुकून गेली होती. चिप आणि तांबं यांच्यामधली बारीक फट भरून उष्णता पलीकडे पोचवायची, एवढंच या पेस्टचं काम. ती वाळून भेगाळली की मध्ये हवा शिरते आणि उष्णता जागच्या जागी कोंडते. दादांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं ती पुसून काढली. सगळी पुसून झाल्यावर चिपचा काळा, आरशासारखा पृष्ठभाग दिव्याखाली चमकला. करंगळीच्या नखाएवढा तुकडा. पुण्या-मुंबईतल्या तीन मुलांची सैन्यं त्या एवढ्याशा तुकड्याच्या चालीनं चालत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा खऱ्या अर्थानं जाणवलं.

असं का होतं, त्याचं उत्तर खेळाच्या जन्मात आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एन्सेंबल स्टुडिओजनं ही मालिका केली तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, वेग सेकंदाला २८.८ किलोबिट. शेकडो सैनिक कुठे आहेत, किती जखमी आहेत, हे क्षणाक्षणाला त्या तारेतून पाठवणं अशक्य. त्याच स्टुडिओतल्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या दोघांनी त्यावरचा तोडगा २००१ साली एका लेखात सविस्तर मांडला. सैनिकांची माहिती पाठवायचीच नाही. फक्त हुकूम पाठवायचे, आणि प्रत्येक संगणकानं तेच युद्ध, सगळ्या खेळाडूंच्या सगळ्या सैनिकांसकट, स्वतंत्रपणे घडवायचं. हुकूम एकाच वेळी अमलात यावेत म्हणून वेळेचे लहान तुकडे पाडायचे, साधारण सेकंदाचा पाचवा भाग. एकाचं गणित त्या वेळात पुरं होत नसेल तर सगळ्यांचाच तुकडा लांबवायचा.

म्हणजे पुण्यातल्या मित्रानं दोनशे धनुर्धारी हलवले की त्या प्रत्येकाची वाट हातखंब्याच्या लॅपटॉपलाही शोधावी लागते. झाडाला वळसा घालायचा की तटबंदीच्या कडेनं जायचं, दोनशे वेळा. हे काम बहुतांशी चिपच्या एकाच गाभ्यावर पडतं. चित्र कमी सुंदर केलं तरी ते हलकं होत नाही. मला ही रचना फार आवडली. कुणालाच मागे टाकता येऊ नये, अशी सोय त्यांनी खेळाच्या मुळातच करून ठेवली आहे.

नवी पेस्ट लावली, पाठ बंद केली, चाचणी पुन्हा घेतली. तापमान ७८ वर थांबलं. ९७चे ७८, आणि पैसे म्हणाल तर पेस्टचे आणि मजुरीचे. गुण ८७१. भाचा उठून उभाच राहिला.

दादा मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि दर वेळी मोजतात. घाईचं गिऱ्हाईक कंटाळतं, पण कशानं किती फरक पडला हे सांगायला दुसरा मार्ग नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढची पाळी रॅमची. आत चार जीबीची एकच पट्टी होती, शेजारची खाच रिकामी. या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चित्र काढणारा भाग चिपमध्येच आहे आणि तो मुख्य रॅमच वापरतो. दोन पट्ट्या असल्या की चिपला दोन वाटांनी माहिती मिळते, येण्याजाण्याची रुंदी दुप्पट होते. दादांनी डब्यातून तशीच एक वापरलेली पट्टी काढली, आधी दुसऱ्या मशीनवर तपासली आणि खाचेत बसवली. गुण १०३८.

“हजार,” भाचा म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, “हजाराच्या वर!”

“आता एसएसडी टाकायची तर टाक,” दादा म्हणाले. “विंडोज लवकर उघडेल, गेम लवकर लोड होईल. पण लढाई चालू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आधी तीच टाकली असतीस तर पैसे गेले असते आणि सत्याण्णव तसंच राहिलं असतं.” विकायला एसएसडी मागच्या फळीवर ठेवलेली असताना हे बोलणारा माणूस. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

बाकीचं झटपट झालं. लॅपटॉप सुरू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले. लाइट जाते म्हणून घरच्यांनी कायमचा लावून ठेवलेला वीज वाचवायचा पर्याय बदलला. जास्त रेखीव चित्रांसाठी खेळात वेगळा जोडलेला मोठा ग्राफिक्स पॅक काढून टाकला.

एक गोष्ट मीच विचारली. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनचा नेहमीचा आधार थांबवला, आणि विंडोज इलेव्हनसाठी इंटेलच्या चिपा, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढच्याच चालतात. म्हणजे कागदोपत्री हा लॅपटॉप निकालात निघालेला. दादा गप्प राहिले, मग भाच्याला म्हणाले, “बँकेचं काही यावर करू नकोस. अभ्यास कर, खेळ.” त्यांचा सल्ला योग्यच होता. पण नुकतेच १०३८ गुण मिळवलेल्या यंत्राला केवळ जन्मसालावरून बाद ठरवणं मला त्या टेबलाशी बसून पटलं नाही, अजूनही पटत नाही.

पावतीच्या मागे दादांनी तीन ओळी लिहिल्या. गादीवर ठेवून खेळायचं नाही, खालून हवा बंद होते. खाली लाकडी पाट घ्यायचा. दर मे महिन्यात, पावसाआधी, साफ करून घ्यायचा.

भाच्यानं पावती वाचली आणि विचारलं, “आठ जण, प्रत्येकी दोनशे सैनिक, चालेल?”

“नाही.”

“सहा?”

“चार जण,” दादा म्हणाले, “आणि सैनिक दीडशेच्या वर नेऊ नका. चौघांनीही.”

भाच्यानं तिथेच उभ्या उभ्या मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, शनिवारी साडेनऊ, मर्यादा दीडशे.