आठ टक्क्यांची दमछाक

माझा भाचा साताऱ्याला डीटीपीचं दुकान चालवतो. दिवसा लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स, रात्री शटर अर्धं ओढून व्हॅलोरंट हा गेम. जुना कॉम्प्युटर पार थकला तेव्हा त्याने तीन कोटेशनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. "मामा, यातला कुठला प्रोसेसर घेऊ सांगा." तिन्ही कागदांवर ठळक अक्षरांत कोअर आणि गिगाहर्ट्झ. मी उलट विचारलं, "ग्राफिक कार्ड आजच घेतोयस की पुढे कधीतरी?" त्याला वाटलं, मामा विषय बदलतायत.

विषय तोच होता. पण आधी कोअरचं, म्हणजे प्रोसेसरच्या आत राबणाऱ्या हातांचं, बघू.

लग्नघरी पुऱ्या लाटायला दहा जणी बसल्या तर काम भराभर उरकतं. जिलबी मात्र एकाच हाताने पाडायची असते; शेजारी नऊ जण उभे राहिले तरी ती लवकर होत नाही. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरचं बरंचसं काम जिलबीसारखं आहे. वस्तू एकमेकींवर रचलेल्या असतात, खालची काढल्याशिवाय वरची काढता येत नाही, म्हणून बहुतेक भार एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, पडतो. फोटोशॉपचे काही फिल्टर सगळे कोअर वापरतात, पण ब्रश फिरवताना तसं होत नाही. पुऱ्यांचं काम म्हणजे ब्लेंडरमधलं रेंडरिंग, थ्रीडी दृश्याचं चित्र बनवणं. तिथे जितके कोअर तितकं बरं, आणि चांगलं कार्ड असेल तर ते काम त्याच्याकडेच जातं.

इथे टास्क मॅनेजर फसवतो. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण ताकदीने राबत असेल तर एकूण वापर दिसतो शंभर भागिले बारा, म्हणजे जेमतेम ८ टक्के. माणूस म्हणतो, प्रोसेसर तर रिकामाच आहे, मग हँग का होतंय? कारण जिलबीवाल्याचा हात दुखायला आलाय. अशा कामाला आठ कोअरचा जुना प्रोसेसर घेण्यापेक्षा सहा कोअरचा नव्या पिढीचा घ्यावा, कारण त्याचा एकेक कोअर जास्त चपळ असतो. गिगाहर्ट्झचा आकडा पिढ्यांमध्ये ताडून बघण्यात अर्थ नाही; तेवढ्याच ठोक्यांत नवा कोअर जास्त काम उरकतो.

शिवाय प्रत्येक रखडण्याचा दोष प्रोसेसरचा नसतो. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर उघडा: ८,६४० गुणिले १७,२८०, म्हणजे जवळपास १५ कोटी पिक्सेल. सीएमवायकेमध्ये एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण भरलेल्या एका लेयरला सुमारे ६०० एमबी लागतात. नेत्याचा फोटो, कार्यकर्त्यांच्या मुंड्यांची रांग, मागे किल्ला, असे पाच-सहा लेयर झाले की ८ जीबी रॅम संपते आणि फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं. तिथे महागडा प्रोसेसरही नुसता वाट बघत बसतो.

आता खेळ. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं हवीत तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काढायचं याची यादी कार्डाला देतो. रंगकाम कार्डाचं. दोघांपैकी कोण अडतोय ते ओळखायची सोपी युक्ती आहे: गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमलं होतं. होत्या तितक्याच राहिल्या तर प्रोसेसर.

यादी बनवताना प्रोसेसरला इकडची तिकडची माहिती सारखी लागते. ती रॅममधून आणायला वेळ जातो, म्हणून त्याच्या पोटातच एक कोठार असतं, त्याला एल-३ कॅश म्हणतात. २०२२ साली एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. वेग साध्या ५८००एक्सपेक्षा थोडा कमी, पण कॅश ३२च्या जागी ९६ एमबी. गेममध्ये तो पुढे गेला. रेंडरिंगसारख्या कामांत मात्र थोडा मागे पडला. कोटेशनवर कॅशचा रकाना क्वचितच असतो, तो मागून घ्यावा.

आता नावांचा घोळ. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी, दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. फरक एका अक्षराचा दिसतो, पण आतली चिप वेगळी आहे. 'जी'मध्ये बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे, पण कॅश ३२ऐवजी १६ एमबी, आणि कार्डाशी बोलायचा रस्ता पीसीआय एक्सप्रेस ४ऐवजी ३चा. साध्या ५६००मध्ये ग्राफिक्स अजिबात नाही. इंटेलकडे उलट रीत: आय५-१२४००मध्ये कामचलाऊ ग्राफिक्स आहे, मागे 'एफ' लागला की तेही बंद. कार्ड न घेता 'एफ'वाला आणला तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि मॉनिटर काळाच राहतो.

म्हणून तो कार्डाचा प्रश्न. कार्ड आजच घ्यायचं असेल तर ५६०० किंवा १२४००एफ, जो मदरबोर्डसकट स्वस्त पडेल तो. कार्ड कधीच परवडणार नसेल तर ५६००जी, आणि त्यासोबत ८ जीबीच्या दोन रॅम. १६ची एकच पट्टी नको. त्यातलं ग्राफिक्स रॅमच उसनी घेऊन चालतं, आणि डीडीआर४-३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनेलमध्ये दोन पट्ट्या ५१.२. तरी दुकानदार एकच पट्टी खोचतात, "पुढे वाढवता येईल" म्हणून.

कार्ड वर्षभरात येणार असेल तर माझं मत साध्या १२४००कडे झुकतं. आज पडदा चालतो, उद्या कार्ड आलं की कॅश १८ एमबी आणि रस्ता पुरेसा रुंद. मोबाइलवर शूट केलेले व्हिडिओ प्रीमियरमध्ये कापणाऱ्याला आणखी फायदा, कारण इंटेलच्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक ते व्हिडिओ उलगडण्याचं काम अंगावर घेतं. आजचा खेळ मात्र ५६००जीवर जास्त चांगला चालतो, हे कबूल करायला हवं.

भाच्याने १२४०० घेतला. व्हॅलोरंट सध्या सगळी सेटिंग खाली ओढून चालतो. त्याच्या मित्राने त्याच आठवड्यात जुन्या बी४५० बोर्डावर ५६०० बसवला आणि मशीन सुरूच होईना. बोर्डाचा बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) त्या प्रोसेसरच्या आधीचा होता. अपडेट करायला जुना प्रोसेसर परत बसवावा लागणार होता, आणि तो त्याने आदल्या दिवशीच विकला होता.