वसंतकालीन गडगडाटी वादळांचे पूर्वानुमान

वसंतकालीन गडगडाटी वादळांचे पूर्वानुमान : मार्च ते मे या मॉन्सूनपूर्व महिन्यांत भारतीय उपखंडात उद्भवणाऱ्या गडगडाटी वादळांचे स्थान, वेळ व तीव्रता यांविषयी आगाऊ सूचना देण्याचे वातावरणवैज्ञानिक कार्य. चैत्र-वैशाखातील या वादळांना बंगालमध्ये कालबैसाखी (वैशाखातील अरिष्ट), आसामात बारदोईसिला, उत्तर भारतात धूळ घेऊन येत असल्यास आंधी आणि महाराष्ट्रात वळीव अशी नावे आहेत. बंगालमधील वादळे बहुधा वायव्येकडून येत असल्यामुळे इंग्रजी अमदानीत त्यांना ‘नॉर्वेस्टर’ हे नाव पडले.

अभिसारी चक्रवाताचा विस्तार शेकडो किमी. आणि आयुष्य अनेक दिवसांचे असल्याने त्याचा संभाव्य मार्ग काही दिवस आधी आखता येतो. गडगडाटी वादळाचा एकेक घटक मात्र सु. ५ ते १५ किमी. रुंद असतो व तासाभरात विरून जातो. कोणत्या गावावर किती वाजता वादळ येईल हे त्यामुळे आदल्या दिवशी सांगता येत नाही. आदल्या दिवशी सांगता येते ती वादळास अनुकूल अशी परिस्थिती. प्रत्यक्ष वादळाविषयीची सूचना ते जन्मास आल्यानंतरच देता येते. यामुळे हे पूर्वानुमान विस्तृत प्रदेशापासून गावापर्यंत आणि दिवसांपासून मिनिटांपर्यंत टप्प्याटप्प्याने आकुंचित होत जाते. प्रत्येक टप्प्यावरील सूचनेचा अर्थ निराळा असतो. तो ध्यानात न घेतल्यास बिनचूक सूचनेचाही उपयोग होत नाही.

हानी : ही वादळे अल्पजीवी असली, तरी अत्यंत प्राणघातक ठरू शकतात. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडली. बांगला देशातील माणिकगंज जिल्ह्यात २६ एप्रिल १९८९ रोजी अशाच वादळातून उद्भवलेल्या घूर्णवाती वादळाने (टोर्नॅडोने) सु. १,३०० बळी घेतले. गारपीट व घूर्णवाती वादळ यांमुळे झालेल्या मनुष्यहानीचे हे जागतिक उच्चांक असल्याचे जागतिक वातावरणवैज्ञानिक संघटनेने नमूद केले आहे. मे २०१८ च्या प्रारंभी राजस्थान व उत्तर प्रदेशात आलेल्या धुळीच्या व गडगडाटी वादळांत शंभराहून अधिक माणसे दगावली. मुंबईत १३ मे २०२४ रोजी सुटलेल्या वादळी वाऱ्यात घाटकोपर येथील प्रचंड जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. वीज पडून होणारी हानी विखुरलेली असल्याने तिचा बोभाटा कमी होतो. तथापि २०२२ मध्ये भारतात विजेमुळे २,८८७ मृत्यूंची नोंद झाली. यांत मॉन्सून काळातील मृत्यूंचाही समावेश आहे.

उत्पत्तीस कारणीभूत घटक : गडगडाटी वादळास खालच्या थरात मुबलक जलबाष्प, वातावरणाचे अस्थैर्य आणि हवेला वर उचलणारे एखादे कारण या तीन गोष्टी आवश्यक असतात. वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते व तीमधील जलबाष्पाचे संद्रवण होते. त्या वेळी मुक्त होणाऱ्या सुप्त उष्णतेमुळे ती भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहिल्यास आपोआप वर चढत जाते. अशा रीतीने १५ किमी. किंवा त्याहूनही अधिक उंचीचा गर्जन्मेघ तयार होतो (⇨ मेघ). त्यातील पाऊस व गारा खाली येताना हवेला आपल्याबरोबर ओढतात आणि बाष्पीभवनामुळे ती हवा थंड व जड होते. जमिनीवर आपटून चहूकडे पसरणारी ही हवा म्हणजेच वादळापूर्वी अकस्मात अंगावर येणारा गार वारा होय. त्याचा वेग किमान एक मिनिटभर एकदम वाढून ताशी ४० किमी.च्या वर राहिल्यास त्यास चंडवात म्हणतात. कालबैसाखीत हा वेग ताशी १०० किमी.च्याही पुढे गेल्याची उदाहरणे आहेत.

बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट दाक्षिणात्य वारे वसंतात जमिनीलगतच्या एकदोन किमी. जाडीच्या थरात वाहतात. त्यांच्यावर पश्चिमेकडून येणाऱ्या उष्ण व कोरड्या हवेचा थर पसरतो. हा थर भांड्यावरील झाकणासारखे कार्य करतो. त्याच्याखाली दिवसभर उष्णता व आर्द्रता साठत राहते. दुपारी छोटा नागपूरचे पठार पुरेसे तापले, की कोठेतरी हे झाकण फुटते व साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. तेथे जन्मलेली वादळे आग्नेयीकडे सरकत सायंकाळी कोलकात्याच्या परिसरात पोहोचतात. झाकण फारच कमकुवत असल्यास लहान ढग दिवसभर तयार होऊन विरतात; ते फार बळकट असल्यास कडक उन्हाचा दिवस कोरडाच जातो. तीव्र वादळे या दोन अवस्थांच्या मधल्या परिस्थितीत होतात. झाकण फुटेल किंवा नाही आणि फुटल्यास कोठे, हाच पूर्वानुमानातील सर्वांत कठीण प्रश्न आहे.

ऐतिहासिक आढावा : भारतीय वातावरणविज्ञान खात्याची (सध्या रूढ असलेले नाव भारतीय हवामान विभाग) स्थापना १८७५ मध्ये झाली. या विषयाच्या सैद्धांतिक पायाभरणीत पुण्याचा वाटा मोठा आहे. खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले. १९२७ ते १९४४ या काळात महासंचालक असलेल्या सर चार्ल्स नॉर्मंड यांनी जलबाष्पामुळे निर्माण होणाऱ्या अस्थैर्याचे विवेचन १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. वर वाहणाऱ्या हवेला प्रारंभी खर्च करावी लागणारी ऊर्जा व नंतर तिला मिळणारी ऊर्जा यांची आलेखावरील क्षेत्रफळांच्या साहाय्याने तुलना करून वातावरणातील सुप्त अस्थैर्य ओळखण्याची रीत त्यांनी मांडली. आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या अस्थैर्य-निर्देशांकांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. अमेरिकेत १९४६-४७ मध्ये होरेस बायर्स व रॉस्को ब्रॅहम यांच्या नेतृत्वाखाली वादळांतून विमाने नेऊन निरीक्षणे करण्यात आली. वादळ-घटकाच्या वाढ, परिपक्वता व ऱ्हास या तीन अवस्था त्यांवरून निश्चित झाल्या. भारतात पूर्व व ईशान्य भागांतील तीव्र वादळांच्या अभ्यासाचा ‘स्टॉर्म’ हा कार्यक्रम विसाव्या शतकानंतर हाती घेण्यात आला. पुढे त्यात शेजारच्या देशांचाही सहभाग झाला.

निरीक्षण साधने : वातावरणाच्या वरच्या थरांतील तापमान, आर्द्रता व वारे यांची माहिती फुग्याबरोबर सोडलेल्या रेडिओसाँड या उपकरणाने मिळते. ही आरोहणे जगभर ठराविक वेळी होतात. भारतात त्या वेळा पहाटे व सायंकाळी ५·३० च्या सुमाराच्या आहेत. वादळे मात्र मुख्यतः दुपारनंतर होतात. त्यामुळे पूर्वानुमानकाच्या हाती पहाटेच्या शांत वातावरणाचा आलेख असतो व दुपारपर्यंत त्यात कोणते बदल होतील याचा त्याला हिशेब करावा लागतो. सायंकाळचे निरीक्षण हाती येईपर्यंत वादळ अनेकदा येऊन गेलेले असते. ही उणीव भूस्थिर उपग्रह काही अंशी भरून काढतात. २०१३ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डी व त्यानंतरचे उपग्रह यांच्या प्रतिमांवरून ढगांच्या माथ्याचे तापमान किती झपाट्याने घटत आहे, म्हणजेच ढग किती वेगाने उंच होत आहे, हे कळते.

सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे डॉप्लर रडार होय (⇨ रडार). पावसाचे थेंब व गारा यांवरून परावर्तित होणाऱ्या सूक्ष्मतरंगांच्या तीव्रतेवरून वृष्टीचे प्रमाण व तरंगांच्या कंप्रतेतील बदलावरून वाऱ्याचा वेग त्याद्वारे काढतात. भारतीय किनाऱ्यावर चेन्नई, कोलकाता आदी ठिकाणी अशी रडारे या शतकाच्या प्रारंभी बसविण्यात आली. महाराष्ट्रात मुंबई व नागपूर येथे ती आहेत. रडारलाही मर्यादा असतात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेली शलाका १०० किमी. अंतरावर सु. १·५ किमी. आणि २०० किमी. अंतरावर सु. ४ किमी. उंचीवरून जाते. साहजिकच दूरच्या गावात जमिनीलगत वाहणारा वारा तिला दिसत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय वातावरणविज्ञान संस्थेने विजेतून निघणाऱ्या रेडिओ तरंगांची नोंद करणारे संवेदकांचे जाळे उभारले आहे. एकच तरंग निरनिराळ्या केंद्रांवर पोहोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून वीज कोठे चमकली ते ठरविता येते. ढगातील विजांची संख्या अकस्मात वाढणे हे पुष्कळदा गारपीट किंवा चंडवात यांच्या काही मिनिटे आधीचे लक्षण असते.

पूर्वानुमानाचे टप्पे : (१) तीन ते पाच दिवस आधी संगणकीय प्रतिमानांच्या आधारे वादळास अनुकूल प्रदेश दर्शविण्यात येतो. पुण्याच्या उपर्युक्त संस्थेने विकसित केलेल्या व मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘भारत पूर्वानुमान प्रणाली’ या जागतिक प्रतिमानात जाळीतील बिंदूंमधील अंतर ६ किमी. आहे. तथापि १० किमी. रुंदीचा वादळ-घटक अशा जाळीच्या एकदोन चौकटींतच मावत असल्याने त्याचे यथार्थ चित्र तीत उमटत नाही. (२) एक-दोन दिवस आधी जिल्हावार इशारे दिले जातात. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’ या शब्दप्रयोगाचा अर्थ जिल्ह्यातील थोड्याच ठिकाणी वादळाची अपेक्षा आहे असा असतो. एखाद्या गावात ते न आल्याने हे पूर्वानुमान चुकले असे ठरत नाही. (३) वादळे निर्माण झाल्यावर पुढील तीन तासांपर्यंतचे तात्कालिक पूर्वानुमान प्रसृत होते व परिस्थितीनुसार त्यात सुधारणा केल्या जातात. ते मुख्यतः रडारवर दिसणाऱ्या वादळांच्या गतीवर आधारलेले असते. ताशी ४० किमी. वेगाने येणारे वादळ २० किमी. अंतरावर असता सावध होण्यास अर्धा तास मिळतो.

इशाऱ्यांसाठी चार रंग वापरतात : हिरवा (इशारा नाही), पिवळा (लक्ष ठेवावे), नारिंगी (सज्ज राहावे) व लाल (कृती करावी). रंग ठरविताना वादळाची तीव्रता व त्यापासून संभवणारी हानी यांचा विचार केला जातो. या सूचना आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जिल्हा प्रशासन व भ्रमणध्वनी यांद्वारे पोहोचविल्या जातात. ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन वापरणाऱ्याच्या २० ते ४० किमी. परिसरात चमकलेल्या विजांची सूचना देते.

अचूकता : पूर्वानुमानाचा कस दोन मापांनी पाहतात. घडलेल्या वादळांपैकी किती आधी वर्तविली गेली हे एक माप व दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती फोल ठरले हे दुसरे. समजा, दहा वादळे झाली व त्यांपैकी आठ वर्तविली होती; परंतु एकूण इशारे सोळा होते. अशा वेळी आठ वादळे पकडली गेली आणि आठ इशारे फुकट गेले. इशारे कमी केल्यास फोल इशारे घटतात, पण न वर्तविलेली वादळे वाढतात. वारंवार फोल ठरणाऱ्या इशाऱ्यांवरील लोकांचा विश्वास उडतो, तर न दिलेला एक इशारा अनेकांच्या प्राणावर बेततो. या दोहोंतील तोल साधणे हा शास्त्राइतकाच सामाजिक विवेकाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील वळीव : महाराष्ट्रात अरबी समुद्र व बंगालचा उपसागर या दोहोंकडून येणारे जलबाष्प आणि दख्खनच्या पठाराचे तापणे यांमुळे वळवाचा पाऊस पडतो. विदर्भापासून दक्षिणेकडे पसरणारा कमी दाबाचा पट्टा असताना तो विशेष जोर धरतो. उन्हाळी नांगरटीनंतर पडलेला वळीव खरिपाच्या मशागतीस उपकारक ठरतो. परंतु खळ्यावरील गहू, हरभरा, काढणीस आलेला कांदा, द्राक्षे व आंबा यांची तो नासाडी करतो. फेब्रुवारीअखेर ते मार्च २०१४ या काळात मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीत रब्बी पिकांचे व फळबागांचे प्रचंड नुकसान झाले. अशा वेळी एक दिवस आधीचा इशारा शेतमाल झाकण्यास पुरतो; माणसे व गुरे सुरक्षित स्थळी नेण्यासाठी तात्कालिक पूर्वानुमानाची गरज असते.

खबरदारी : सूचनांची ही साखळी अखेर उघड्यावर असणाऱ्या माणसापाशी संपते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागल्यास विजेचे अंतर किमी.मध्ये मिळते. पाऊस पडत असलेल्या जागेपासून १० किमी. वा अधिक अंतरावरही वीज पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू येणे हाच धोक्याचा इशारा समजतात. अशा वेळी पक्क्या इमारतीत किंवा धातूचे छप्पर असलेल्या बंद वाहनात आसरा घ्यावा. एकाकी झाड, विजेचा खांब, तारेचे कुंपण व पाण्याचा साठा यांपासून दूर राहावे. आसरा नसल्यास दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडणे टाळावे. वादळाची पाठ फिरली असे वाटून घाईने शेताकडे निघालेली माणसे मागे राहिलेल्या विजेला बळी पडतात. विजेने जखमी झालेल्या व्यक्तीच्या शरीरात विद्युत् भार उरत नाही, त्यामुळे तिला स्पर्श करणे सुरक्षित असते. हृदय वा श्वसन थांबलेले असल्यास तत्काळ केलेल्या कृत्रिम श्वसनाने व छातीवरील दाबाने तिचे प्राण वाचू शकतात.