केसपेपरवरचा वॉर्ड क्रमांक

स्मरणिकेत डॉक्टरांनी वैद्यकीय विषयावर लिहावे, असा आपल्या संघटनेचा प्रघात आहे. आजवर मीही लसीकरण, कुपोषण, बालदमा अशा विषयांवर यथामती लिहीत आलो. यंदा नगरसभेच्या निवडणुकीवर लिहिण्याची परवानगी मी संपादक मंडळाकडे मागितली, तेव्हा काही भुवया उंचावल्या. हा विषयही बालरोगशास्त्राच्या कक्षेतलाच आहे, एवढे वाचकांना पटले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.

आरंभी एक कबुली देतो. २७ एप्रिल २०२१ रोजी बिदर नगरसभेसाठी मतदान झाले. कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती. त्याच रात्रीपासून राज्यभर कडक निर्बंध लागू झाले. दहा दिवस आधी, १७ एप्रिलला, शेजारच्या बसवकल्याणमध्ये विधानसभेची पोटनिवडणूक पार पडली होती. अशा काळात प्रचारसभा आणि रांगा कशासाठी, अशी आपण सर्व डॉक्टर मंडळी आपापसांत तक्रार करीत होतो, आणि ती रास्तच होती. त्या दिवशी मी मतदानाला गेलो नाही. रुग्णांची गर्दी हे कारण मी घरी सांगितले. पण खरे सांगायचे तर, साथ नव्हती तेव्हाही नगरसभेच्या मतदानाला मी क्वचितच गेलो होतो. लोकसभेला आणि विधानसभेला न चुकता जाणारा मी, गटार आणि नळ यांच्या निवडणुकीला मात्र किरकोळ समजत होतो.

माझा हा समज एका आजीबाईंनी मोडला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तालुक्याच्या एका गावाहून त्या नातवाला घेऊन आल्या. सहा वर्षांचा मुलगा, आठ दिवसांचा ताप. तपासाअंती विषमज्वर निघाला. त्यांच्या गल्लीतले हे महिन्याभरातले तिसरे मूल. पाण्याविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, नळ आठ दिवसाला येतो. पहिली घागर काळीच असते, ती ओतून देतो, मग भरतो." तक्रार केली का, असे मी विचारले. "केली की. मेंबर म्हणतो, बघू. आम्ही अडाणी माणसं, कुणालाही मत टाकतो. तुमच्याकडं असं नसेल. तुमच्यासारखी शिकलेली माणसं नीट बघून निवडून देत असतील."

मी औषधाची चिठ्ठी लिहीत खाली पाहत राहिलो.

आजीबाईंच्या काळ्या घागरीमागील शास्त्र सोपे आहे. आठवड्यातून एक-दोनदाच पाणी सुटते तेव्हा उरलेले दिवस जलवाहिनी रिकामी असते. आतला दाब नाहीसा झाला की सैल सांध्यांतून आणि चिरांतून बाहेरचे पाणी आत झिरपते. वाहिनी गटाराच्या कडेने गेलेली असेल, तर ते पाणी कसले, हे सांगावयास नको. पुढचा पाणीपुरवठा सुरू होताच तोच मैला प्रथम घरात येतो. उरलेले पाणी पिंपात साठते आणि त्यात हात, भांडी व डासांच्या अळ्या यांची भर पडते. विषमज्वर, अतिसार, कावीळ आणि डेंग्यू या चारही व्याधींचे मूळ असे एकाच नळापाशी सापडते.

आपल्याच राज्यात याची पाहणी झालेली आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि आपले कलबुर्गी या शहरांतील निवडक वॉर्डांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग २००८ च्या सुमारास साकार झाला. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी चोवीस तास पाणी मिळणारे आणि अधूनमधून पाणी मिळणारे वॉर्ड यांची तुलना केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लहान मुलांच्या एकूण अतिसारात लक्षणीय फरक आढळला नाही. अस्वच्छ हात आणि उघड्यावरील घाण यांचाही त्यात वाटा असतोच. परंतु अखंड पाणी मिळणाऱ्या घरांत विषमज्वराचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होते, आणि गरीब कुटुंबांतील मुलांत रक्तमिश्रित अतिसारही कमी होता. एकाच शहरात, केवळ वॉर्ड बदलला की मुलाच्या आजाराची शक्यता बदलते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

बिदरकरांना तरी ही गोष्ट नवी वाटू नये. पंधराव्या शतकात बहमनी राजवटीत याच लाल मुरमाखालून खोदलेल्या कारेजमधून भूगर्भातील पाणी वस्तीपर्यंत खेळवले जात होते. नौबादच्या कारेजची विवरे आपण आजही पाहू शकतो. त्या काळी पाणी सुलतानाच्या मर्जीवर होते, आज ते आपल्या मतावर आहे, निदान असावे अशी घटनेची अपेक्षा आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना जे विषय सोपवण्याची तरतूद केली, त्यांत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य आणि घनकचरा यांचा समावेश आहे. मोठ्या योजना राज्य सरकार आखते हे खरे. पण कोणत्या गल्लीतली गळती आधी दुरुस्त व्हावी, कोणते गटार झाकावे, याचा आग्रह धरणारा माणूस वॉर्डातूनच निवडला जातो.

वैद्यकाच्या इतिहासात या नात्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी दगावलेल्यांची घरे शोधली आणि संशय ब्रॉड स्ट्रीटवरील पंपावर नेऊन ठेवला. ही गोष्ट आपण सारे शिकलो आहोत. मात्र त्या पंपाची दांडी स्नो यांनी स्वतः काढली नव्हती. ते स्थानिक पॅरिशच्या मंडळापुढे गेले, आपले म्हणणे मांडले, आणि ८ सप्टेंबर रोजी मंडळाच्या आदेशाने दांडी निघाली. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुढे शोध लागला की या उद्रेकाचा उगम बहुधा त्याच रस्त्यावरील काही महिन्यांच्या एका बालिकेच्या आजारात होता. तिचे लंगोट धुतलेले पाणी विहिरीलगतच्या खड्ड्यात जात होते. निदान डॉक्टरने केले, उपचार स्थानिक संस्थेने केला.

इंग्लंडमधील एका गावात स्थायिक झालेला माझा वर्गमित्र सांगतो की, तेथे मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी होणाऱ्या कौन्सिलच्या निवडणुकीत रस्त्यातले खड्डे आणि कचऱ्याचे डबे यांवरच सारा वाद रंगतो. राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथे मताधिकार असल्यामुळे भारतीय पारपत्र बाळगूनही तो मत देतो. २०१३ पासून तेथील सार्वजनिक आरोग्याची बरीच जबाबदारीही कौन्सिलांकडे आली. तिथेही सारे आलबेल नाही; स्थानिक निवडणुकांत अनेकदा जेमतेम एक तृतीयांश लोक मतदान करतात. तरीही परक्या देशात तो वॉर्डाच्या मताची किंमत ओळखतो, आणि मी माझ्या गावात ती ओळखली नाही, याची खंत वाटते.

आपण सीमाभागातील मराठी माणसे आहोत, म्हणून ही गोष्ट अधिक अवघड आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर एका राज्यात गेले; बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद दुसऱ्या; जहिराबाद, नारायणखेड तिसऱ्या. सोयरिकी तिन्हीकडे राहिल्या. तेव्हापासून निवडणूक म्हटली की आपल्या मनात सीमेचा प्रश्न उभा राहतो. २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याविषयी प्रत्येकाचे मत असू शकते, माझेही आहे. पण मोठ्या प्रश्नाकडे डोळे लावून बसताना हातातला लहान अधिकार आपण सोडून देतो. मुलाच्या आतड्यात शिरणारा जंतू त्याची मातृभाषा विचारत नाही. आपल्या गल्लीत कन्नड, उर्दू, मराठी आणि तेलुगू घरांचा नळ एकच आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये कलबुर्गी महानगरपालिकेच्या ५५ जागांसाठी निवडणूक झाली. काँग्रेसला २७, भारतीय जनता पक्षाला २३, जनता दलाला ४ आणि अपक्षाला १ जागा मिळाली. सुमारे निम्मे मतदार घरीच राहिले. महापौरांची निवड व्हायला मार्च २०२३ उजाडला, आणि ती निसटत्या फरकाने झाली. कोण जिंकले हा येथे मुद्दा नाही. दीड वर्ष निवडून आलेले सभागृह महापौराविना राहिले, आणि त्याची चर्चा आपल्या एकाही मासिक बैठकीत झाल्याचे मला आठवत नाही.

म्हणून एक छोटी सूचना करतो. नाव, वय, वजन यांच्याबरोबर केसपेपरवर वॉर्ड क्रमांकही लिहावा. विषमज्वर, कावीळ, अतिसार, डेंग्यू आणि कुत्र्याचा चावा या पाच गोष्टींची नोंद वॉर्डवार ठेवावी. मुलांची नावे वगळून, वर्षाच्या अखेरीस सर्व दवाखान्यांची बेरीज करून, तो तक्ता मराठी, कन्नड आणि उर्दूत छापावा. निवडणूक आली की तो प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक उमेदवाराच्या हाती द्यावा आणि एवढेच विचारावे की पुढच्या पाच वर्षांत यातला कोणता आकडा तुम्ही खाली आणणार? संघटनेने कोणाचा प्रचार करू नये. पण ज्ञान आपल्या कपाटात बंद ठेवणे हाही एक प्रकारे पक्षपातच आहे.

मी माझ्या दवाखान्यात ही नोंद सुरू केली आहे. वही साधी दोनशे पानी आहे. तिच्या पहिल्या पानावर मी कोणाचेही नाव घातलेले नाही, पण ती उघडताना आजीबाईंचे वाक्य मला दरवेळी ऐकू येते. पुढच्या वेळी त्या भेटल्या, तर मान वर करून उत्तर देता यावे, एवढीच इच्छा आहे.